तंबाखू जरूर काढा, पण खुडणाऱ्या बायकांचं काय? दोन्ही राज्यांच्या कृषिमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, कर्नाटक राज्य
आणि
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

दोघांना मिळून एकच पत्र लिहितेय, कारण आमच्या गावची शीव ओलांडली की राज्य बदलतं. निपाणी, चिकोडी, हुक्केरी अलीकडं. कागल, गडहिंग्लज पलीकडं. 1956 साली नकाशावर रेघ पडली, ती तंबाखूला अजून कळलेली नाही. काळी रानं सलग आहेत. रोजगाराला जाणाऱ्या बायकांचा टेम्पो सकाळी कर्नाटकातून निघतो, महाराष्ट्रात दिवसभर खुडणी होते आणि दिवे लागायच्या सुमाराला तो परत येतो. त्यातली एखादी बाई रानात चक्कर येऊन पडली तर ती नक्की कोणत्या सरकारची, हा प्रश्न आजवर कुणाला पडलेला नाही.

मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली. टीसीएच केलं, एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. वडील दुसऱ्याचं रान अर्ध्या वाट्यानं करायचे, आई रोजगाराला जायची. दोघांच्याही कष्टाचं पीक एकच. माझी फी तंबाखूच्या पट्टीतून, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशातून भरली गेली, त्यामुळं तंबाखूवर आग पाखडायला बसले तर खाल्ल्या ताटात थुंकल्यासारखं होईल. आणि तंबाखू चांगली म्हणावं, तर वडील घशाच्या कॅन्सरनं गेले. ते विडी ओढायचे. तेव्हा भूमिका काय घ्यायची याचा घोळ माझ्या डोक्यात साठीपर्यंत तसाच राहिला. लोकांनी विचारलं की मी विषय बदलायचे.

पण आता दोन्हीकडच्या खात्यांमधून पीकबदलाचं बोललं जातं. केंद्राच्या पीकबदल कार्यक्रमात 2015-16 पासून तंबाखू पिकवणारी दहा राज्यं घेतलेली आहेत, त्यात आपली दोन्ही आहेत. शेतकऱ्यानं तंबाखू सोडावी, दुसरं काही लावावं, सरकार हातभार लावेल. चांगली गोष्ट आहे. मला त्यातल्या फक्त एका जागेविषयी बोलायचं आहे, आणि ती जागा समजायला जरा रानात यावं लागेल.

तंबाखूचा तरू, म्हणजे रोपं, पावसाच्या तोंडावर टाकतात, श्रावण-भाद्रपदात लावण होते. मग भांगलण, म्हणजे तण काढणं. दिवाळीच्या आगेमागे झाड कमरेला लागतं आणि कळी धरायला लागतं. ती कळी फुलू द्यायची नाही. शेंडा खुडला की झाडाचा सगळा जोर पानात उतरतो, पान जाड होतं, त्याला कडकपणा येतो. झाडही काही गप्प बसत नाही. आठ-दहा दिवसांत प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फुटवा निघतो. तो काढायचा. परत निघतो, परत काढायचा. हे काम आमच्याकडं यंत्रानं होत नाही आणि पुरुष करत नाहीत. वाकून, एकेक झाड हातात धरून, बायका करतात.

आई लुगड्यावरून वडिलांचा जुना सदरा घालायची. बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, डोक्याला फडकं. तरी तासाभरात हात चिकट व्हायचे. आधी पिवळट, दुपारपर्यंत काळे, डांबर लावल्यासारखे. त्या चिकाचा वास घराला महिना-दीड महिना सोडायचा नाही. जेवताना ती भाकरी पदराच्या टोकानं धरायची, कारण बोट लागलं की घास कडू. धाकट्या भावाला पाजायच्या आधी चुलीतल्या राखेनं हात घासायची, नखं काढायची, तरी तो तोंड फिरवायचा. मग आजी म्हणायची, "पोरगं शहाणं हाय, तंबाखू नको म्हणतंय." सगळे हसायचे. आईपण.

सकाळी सातला पानांवर दव असतं. ओल्या पानातला निकोटिन कातडीतून सरळ अंगात जातो. विडी ओढायला लागत नाही की तंबाखू मळायला लागत नाही. घामानंही तेच होतं. डोकं गरगरतं, मळमळतं, ओकारी होते, पोटात कळा येतात, रात्री झोप लागत नाही. वैद्यकात याला ग्रीन टोबॅको सिकनेस म्हणतात. हे नाव मी पन्नाशीत पहिल्यांदा वाचलं. आमच्या रानात त्याला "तंबाखू लागली" एवढंच म्हणतात आणि गुळाचा खडा तोंडात देतात. नवी पोर कामावर आली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हमखास ओकायची. जुन्या बायका म्हणायच्या, सवय होते. होतेही. पण ही सवय म्हणजे अंगाला निकोटिनची सवय, हे कोणी सांगितलं नाही. दवाखान्यात गेलं तर डॉक्टर विचारायचे, "जेवलीस का? उन्हात होतीस का?" आणि चिठ्ठीवर पित्ताच्या गोळ्या. माझी चुलतबहीण सहा महिन्यांची गरोदर असताना खुडणीला जात होती. तिलाही त्याच गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांचा मी राग धरत नाही. तंबाखूच्या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्याला हे शिकवायची जबाबदारी कुणीच घेतली नाही, त्याला ते काय करणार?

रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, दव उतरल्यावर कामाला सुरुवात, आणि बांधावर पाणी नि साबण. एवढ्यानं बराच फरक पडतो. यातली सगळ्यात महाग गोष्ट दव उतरायची वाट बघणं आहे, कारण तेवढा वेळ मजुरीतून कापला जातो.

माघात पान पिकतं, त्यावर तांबूस ठिपके धरतात. कापून रानातच उन्हाला पसरतात, उलटतात. वाळलेलं पान उचलायचं ते पुन्हा पहाटे, दवात, म्हणजे ते मऊ असतं आणि हातात चुरत नाही. झुंजूमुंजू व्हायच्या आत आख्खं घर रानात. माझ्या वर्गाची हजेरी माघात निम्म्यावर यायची ती याच कारणानं. वर्षभर मी पोरांच्या आईबापांना टोचून बोलायचे आणि माघात गप्प बसायचे. मी स्वतः त्याच वयात, त्याच थंडीत, पानं उचललेली होती.

मग माल व्यापाऱ्याच्या हवाली. व्यापारी रानात येऊन पान चोळून बघतो, हुंगतो, दर बोलतो. ओल जास्त आहे म्हणून वजनात कडता, म्हणजे कपात. पट्टी थोडी आत्ता, थोडी अक्षयतृतीयेला, राहिलेली बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला. बेंदराला गेलं की दिवाळी. आमच्या घरातलं प्रत्येक वाक्य "तंबाखूचे पैसे आले की" असं सुरू व्हायचं: पत्रे बदलू, थोरलीचं लग्न काढू, बैल घेऊ. लावणीच्या वेळेला उचल त्याच व्यापाऱ्याकडून घेतलेली असायची, त्यामुळं माल दुसऱ्याला दाखवायची सोय नाही. एका वर्षी वडिलांनी दाखवला. पुढच्या वर्षी उचल मिळाली नाही आणि आईच्या कानातली फुलं गेली. फुलं गेल्याचं दुःख आईनं कधी बोलून दाखवलं नाही. वडिलांनी ज्याला माल दाखवला त्यानंही दर तोच सांगितला होता, हे मात्र ती अजून सांगते.

1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळुरू महामार्ग निपाणीजवळ अडवला, तो याच दरासाठी. मी तेव्हा शाळेत होते. घराघरातून भाकऱ्या गोळा व्हायच्या, आमच्या गल्लीतल्या मी टोपलीतून पोचवल्या आहेत. तीन आठवडे माणसं बायकापोरांसह रस्त्यावर राहिली. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. शेतकरी मेले. त्या दिवशी वडील संध्याकाळपर्यंत घरी आले नव्हते, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आई रस्त्यावर गर्दी दिसली की वडिलांचा हात धरून बाजूला घ्यायची.

शेतकऱ्यांच्या या लढ्याची आठवण लोक काढतात. पण त्याच काळात निपाणीत दुसरीही एक गोष्ट चालली होती. तंबाखूच्या वखारींत हजारो बायका काम करायच्या. पान बडवायचं, चाळायचं, काडी वेगळी, जर्दा वेगळा. दारं-खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं माल उडतो. आत धूळ अशी की समोरची बाई दिसू नये. तोंडाला पदर बांधून दहा-दहा तास. यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या आणि यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणीही खूप. जिथं गावात कुणी त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं, तिथं वखार घेत होती, कारण वखारीला स्वस्त हात हवे होते. प्रा. सुभाष जोशींनी या बायकांची संघटना बांधली. शेतकऱ्यांच्या आंदोलनातही ते होते. पगार, तास, बोनस असे शब्द वखारीत पहिल्यांदा तेव्हा ऐकू आले. माझी एक मावशी सांगते की संपाच्या पहिल्या दिवशी मालकाच्या नजरेला नजर देताना तिचे पाय लटपटत होते, आणि दुसऱ्या दिवशी नाही. त्या वखारींतल्या एकीचं आता मंगल कार्यालय झालंय. भिंतींना तीनदा रंग दिला तरी पावसाळ्यात जर्द्याचा वास सुटतो आणि वऱ्हाडी शिंकतात.

तर वखारीतल्या बाईला निदान संघटना मिळाली. विडी वळणाऱ्या बाईला 1966 चा विडी आणि सिगार कामगार कायदा मिळाला, पुढं 1976 चा कल्याण निधी मिळाला. अंमल कसा झाला ते सोडा, कागदावर तरी ती आहे. रानात खुडणारी बाई यातल्या कशातच नाही. ती शेतमजूर. तिचं रान उसाचं की तंबाखूचं याची नोंद कुठंच होत नाही.

पिकाचीही तीच कथा. तंबाखू बोर्ड म्हणून एक संस्था आहे, 1975 च्या कायद्यानं झालेली, गुंटूरला कचेरी, वाणिज्य मंत्रालयाच्या हाताखाली. ते बोर्ड व्हर्जिनिया तंबाखूचं बघतं. कर्नाटकात हुणसूर, पिरियापट्टणकडच्या शेतकऱ्याची नोंदणी होते, लिलावाचे कट्टे आहेत, माल तिथं उघड बोलीनं जातो. आमची विडीची तंबाखू त्या बोर्डात येत नाही. केंद्राच्या हमीभावाच्या 22 पिकांत ती नाही. निपाणीला धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, ते चांगलं बियाणं देतं. पण पान तोडल्यापासून पुढं शेतकरी आणि व्यापारी, मध्ये कुणी नाही. मालक नसलेलं जित्राब जसं कुणाच्याही रानात शिरतं आणि कुणाचाही मार खातं, तशी या पिकाची गत.

आता त्या जागेवर येते.

काळम्मावाडीच्या धरणाचं पाणी दूधगंगेतून खाली आलं, नदीकाठच्या पाळ्या लागल्या, आणि आमच्या भागात बरीच तंबाखू आपोआप गेली. सरकारनं काढली नाही, उसानं काढली. शेतकऱ्याला बरंच झालं. उसाला दर ठरलेला, कारखाना ठरलेला, बिल बँकेत. व्यापाऱ्याच्या ओट्यावर टोपी हातात घेऊन बसायला नको. माझा भाऊ आता उसाचं बिल मोबाईलवर बघतो.

पण त्याच रानात एकराला जितके बायकांचे रोजगार लागायचे, ते कुठं गेले? तंबाखूला लावण, भांगलण, खुडणी, फुटवे, कापणी, उलटणी, उचलणी; भाद्रपदापासून फाल्गुनापर्यंत हाताला काम असायचं. उसाला लावणीचे आणि भांगलणीचे चार दिवस. तोडणीला बीडकडून टोळ्या येतात, ती माणसं आपलं घर सोडून आमच्या रानात पालं टाकतात. त्यांचे हाल निराळे, त्यावर निराळं पत्र लागेल. आता तोडणीची यंत्रंही आली. कागलच्या एमआयडीसीत पोरं कामाला लागली. पंचेचाळीस वर्षांच्या, शाळा न शिकलेल्या बाईला एमआयडीसी घेत नाही. म्हणजे जिच्या अंगात ते विष गेलं तिला विष थांबल्याचा आनंदही करता आला नाही, कारण त्याबरोबर हजेरीही थांबली. आता ती टेम्पोत बसून आणखी लांब, जिथं तंबाखू अजून आहे तिथं जाते. जाऊन येऊन तीन तास.

तुमची पीकबदलाची योजना बियाण्यावर, अवजारावर, प्रात्यक्षिकावर पैसे देते. कुणाला? ज्याच्या नावावर रान आहे त्याला. पलीकडं त्याला सातबारा म्हणतात, आमच्याकडं उतारा. वडिलांचं नाव त्यावर नव्हतं, ते वाटेकरी होते. आईचं तर प्रश्नच नाही. माझा आक्षेप योजनेला नाही. आक्षेप हा की ती उताऱ्यापाशी येऊन थांबते.

हे मी माझ्या मनचं मागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यावर भारतानं 2004 मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्याच्या 17 व्या कलमात तंबाखूवर पोट असणाऱ्यांना परवडेल असा दुसरा मार्ग काढून द्या म्हटलंय. तिथं क्रम कसा आहे बघा: आधी तंबाखू कामगार, मग उत्पादक. आपल्याकडं पहिलं नाव गाळून योजना झाली. 18 वं कलम तंबाखूच्या लागवडीत आणि उत्पादनात पर्यावरण आणि माणसांचं आरोग्य जपण्याविषयी आहे. त्याचं काय झालं हे विचारायला तालुक्याच्या एका कचेरीत गेले, तर मला शाळेतल्या व्यसनमुक्तीच्या पोस्टरांचा गठ्ठा दिला.

पोस्टरांवरून आठवलं. आमच्या शाळेच्या फाटकावर पिवळा फलक आहे, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूविक्रीला बंदी. 2003 च्या कायद्यानं. कुंपणाच्या पलीकडं, हात लांबवला तर पान हाती यावं इतक्या जवळ, तंबाखूचं रान. कायदा विक्रीचा आहे, लागवडीचा नाही, त्यामुळं बेकायदा काहीच नाही. पोरांनी मला विचारलं होतं, "बाई, मग हे काय हाय?" मी त्यांना म्हटलं, पीक आहे. दुसरं काय म्हणणार होते?

आणि पोरं शाळेत शिकायच्या आधी घरात शिकतात. खुडणीवरून, वखारीतून येताना बायका पानाचे तुकडे पदराच्या गाठीला बांधून आणतात. आजी मागच्या दारी फुटका तवा तापवून त्यावर पान भाजायची, काळं कुळकुळीत होईस्तोवर. धुरानं सगळ्यांना खोकला. मग ते बोटानं चुरून डबीत, आणि सकाळ-दुपार-रात्री दातांना मिश्री. सात-आठ वर्षांच्या नातीला दात दुखला की तीच डबी पुढं. गावात दुकानात जाऊन तंबाखू विकत घेणारी बाई मी क्वचितच पाहिली. ती तिला मजुरीबरोबर फुकट मिळते. त्यामुळं पुडीवरचं कॅन्सरचं चित्र तिनं कधी बघितलेलंच नाही.

म्हणून माझं मागणं थोडं आहे. योजना पुढं न्या, थांबवू नका. पण ज्या गावात तंबाखू कमी करायची त्या गावात आधी खुडणीला, उचलणीला, वखारीला जाणाऱ्या बायकांची यादी करा. ग्रामपंचायत आणि आशाताई आठवड्यात करतील, त्यांना सगळ्या नावानिशी माहीत आहेत. योजनेच्या पैशातला एक वाटा या यादीसाठी वेगळा काढा, बचत गटांच्या नावे, जमिनीची अट न घालता. ऊसच लावा असं सांगू नका. भाजीपाला, मिरची, फुलं, जिथं बायकांच्या हाताला काम राहील अशी पिकं आणि त्यांना बाजार, याचा विचार करा; आमच्या भागात मिरची होतीच की पूर्वी. आणि जोवर तंबाखू रानात आहे तोवर तिची बोली उघड्यावर, काट्यावर सरकारी माणसासमोर, पैसे ठरल्या मुदतीत. हातमोजे आणि साबण तर आजच देता येतील. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या, म्हणजे ते "तंबाखूत होतीस का?" एवढं तरी विचारतील. शेवटचं, यादी दोन्ही राज्यांनी मिळून करा, नाहीतर टेम्पोतल्या बायका पुन्हा मधल्या बांधावर राहतील.

आईचं वय आता ऐंशीच्या पुढं. बोटांच्या पेरांवरचा काळेपणा गेला नाही, रंग मुरल्यासारखा झालाय. तिला हे पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "साबनाचं लिवलंस ते बरं केलंस. पर त्यास्नी सांग, दव असताना या म्हणावं. दुपारी येऊन काय कळतंय?"

तेव्हा येणार असाल तर दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात या. सकाळी साडेसहाला स्टँडमागं टेम्पो भरतो.

आपली,
निपाणी भागातली एक निवृत्त शिक्षिका